दारू थांबवणं आणि थांबलेली टिकवणं : वाचकांची पत्रं

मद्यावलंबनाच्या उपचारांबद्दल आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. लेखकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. औषधांची मात्रा दिली आहे ती डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावी म्हणून. तेवढ्यावर स्वतःच औषध सुरू करू नका.

माझे पती बारा वर्षं रोज पितात. हल्ली सकाळी उठल्या उठल्या हात थरथरतात आणि थोडी घेतली की थांबतात. त्यांनी स्वतःहून ठरवलंय, येत्या सोमवारपासून एकदम बंद. आम्ही सगळे घरी थांबून लक्ष ठेवू. तरी डॉक्टरकडे जायला हवं का?

हो, आणि सोमवारच्या आधी.

सकाळची थरथर आणि घोटभर घेतल्यावर मिळणारा आराम, ही तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. अल्कोहोल मेंदूला शांत करणाऱ्या गाबा यंत्रणेचा जोर वाढवतं आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटला दाबून ठेवतं. वर्षानुवर्षं हे रोज चाललं की मेंदू उलट्या बाजूने तोल साधतो. तो गाबाला कमी दाद देऊ लागतो आणि ग्लुटामेटची ताकद वाढवतो. दारू अचानक काढून घेतली की ही वाढलेली चेतना मोकाट सुटते. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल जाळतं आणि झोपेतही ते चालूच असतं, म्हणून पहाटेपर्यंत रक्तातली पातळी उतरते आणि थरथर सुरू होते. रोज सकाळी तुमच्या पतींना दारू तुटण्याचा त्रास होतो आणि त्यावर ते दारूचाच उतारा घेतात.

पूर्ण बंद केल्यावर घड्याळ असं चालतं. शेवटच्या घोटानंतर ६ ते १२ तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड, बेचैनी आणि उडालेली झोप. पहिल्या २४ तासांत काहींना भास होतात. फिट आली तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना डेलिरियम ट्रेमेन्स होतो : माणसाला स्थळकाळाचं भान राहत नाही, नसलेले प्राणी-माणसं दिसतात, ताप चढतो, रक्तदाब आणि नाडी वाढते. यात जीव जाऊ शकतो. घरच्यांची चूक नेमकी इथे होते. पहिला दिवस बरा गेला की ते निर्धास्त होतात, आणि खरा धोका तिसऱ्या दिवशी येतो.

पूर्वी दारू बंद केल्यावर कधी फिट आली होती का किंवा भ्रम झाला होता का, हे डॉक्टरांना आधी सांगा. प्रत्येक वेळी दारू तुटल्यावर पुढची खेप आधीपेक्षा जड जाते, म्हणून ‘मागच्या वेळी काही झालं नव्हतं’ यावर विसंबू नका. आधी फिट किंवा भ्रम झालेला असेल, यकृताचा, हृदयाचा किंवा मधुमेहाचा गंभीर आजार असेल, वय जास्त असेल, गरोदरपण असेल, झोपेच्या गोळ्यांचीही सवय असेल किंवा आत्महत्येचे विचार असतील, तर रुग्णालयातच दाखल करावं.

यातलं काही नसेल, चोवीस तास जवळ राहणारं जबाबदार माणूस असेल, डॉक्टर किंवा परिचारिका रोज तपासणार असतील आणि रुग्णालय पटकन गाठता येत असेल, तर डिटॉक्स, म्हणजे औषधांच्या आधाराने दारू सुरक्षितपणे तोडणं, घरीही करता येतो. त्यात क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपामसारखं मेंदू शांत करणारं बेंझोडायझेपिन गटातलं औषध देतात. यकृत खराब असेल किंवा वय जास्त असेल तर लोराझेपाम किंवा ऑक्साझेपाम, कारण त्यांचा निचरा व्हायला यकृतावर कमी भार पडतो. पहिल्या दिवशी मात्रा सर्वांत जास्त असते, मग रोज उतरवत पाच ते सात दिवसांत औषध बंद होतं. एका वेळी एकदोन दिवसांच्याच गोळ्या घरात ठेवाव्यात आणि घरच्या माणसाने हातात द्याव्यात. सर्वांत घातक चूक म्हणजे गोळ्याही चालू आणि दारूही चालू. दोन्ही मिळून श्वास मंदावतो. प्यायले असतील तर ती गोळी द्यायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

आणखी एक गोष्ट आवर्जून विचारा, थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची. दीर्घकाळ पिणाऱ्यांत ते कमी पडतं आणि आतड्यांतून नीट शोषलंही जात नाही, म्हणून सुरुवातीचे काही दिवस ते इंजेक्शनने देणं चांगलं. साखरेचं सलाइन लावायचं असेल तर थायमिन त्याच्या आधी किंवा सोबत मिळायला हवं. नाहीतर उरलंसुरलं थायमिन साखर जाळण्यात संपतं आणि वेर्निकेचा आजार उद्भवू शकतो. गोंधळलेपण, चालताना तोल जाणं आणि डोळ्यांच्या हालचाली बिघडणं ही त्याची लक्षणं. तिन्ही एकत्र दिसतीलच असं नाही, आणि गोंधळलेल्या माणसाला ‘अजून उतरलेली नाही’ म्हणून झोपू दिलं जातं. वेळ गेली तर नवी आठवण धरून ठेवण्याची ताकद कायमची जाऊ शकते.

डॉक्टरांची भेट होईपर्यंत त्यांनी रोजचं प्रमाण एकदम तोडू नये. दारू सोडायला निघालेल्या माणसाला हे सांगताना जीभ अडखळते, पण सुरक्षित सल्ला हाच आहे. आणि फिट, भास, ताप किंवा असंबद्ध बोलणं यांपैकी काहीही दिसलं तर भेटीची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात न्या.

नकळत जेवणात मिसळायच्या पावडरीने दारू सुटते असं ऐकलं. भावाला देऊ का?

नका देऊ. अशा पुड्यांत काय आहे हे कळायला मार्ग नसतो, आणि त्यात डायसल्फिराम असेल तर तुम्ही भावाचा जीव धोक्यात घालता.

डायसल्फिराम हे खरं औषध आहे. १९४८ मध्ये डेन्मार्कमध्ये त्याचा हा उपयोग पुढे आला. यकृत अल्कोहोलचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं आणि मग त्याचा निचरा करतं. हा दुसरा टप्पा डायसल्फिराम रोखतं. मग दारू पोटात गेली की दहा मिनिटं ते अर्ध्या तासात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, उलट्या होतात, छाती धडधडते आणि रक्तदाब कोसळतो. हृदयविकार असलेल्या माणसाला यातून झटका येऊ शकतो. ज्याला औषध घेतल्याचं माहीतच नाही, तो नेहमीएवढी पिणार.

शिवाय या औषधाची ताकद भीतीत आहे. ‘आज गोळी घेतली आहे, आज पिता येणार नाही’ हे माणसाला माहीत असतं, म्हणून तो पीत नाही. लपवून दिलं तर ती ताकदही जाते आणि पुढे डॉक्टरांच्या औषधावरचा व घरच्यांवरचा विश्वासही.

तीन गोळ्यांची नावं ऐकली : डायसल्फिराम, नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट. यातली सर्वांत चांगली कोणती? माझं यकृत थोडं खराब आहे.

तिघींची कामं वेगवेगळी आहेत, त्यामुळे ‘सर्वांत चांगली’ हे तुमचं यकृत, मूत्रपिंड, इतर औषधं आणि तुमचं ध्येय यांवर ठरतं.

नाल्ट्रेक्सोन दारूतून मिळणारी मजा बोथट करतं. प्यायल्यावर मेंदूत स्वतःचे अफूसारखे पदार्थ सुटतात, त्यांची जागा हे औषध अडवून धरतं. एक पेला गेला की थांबताच येत नाही, असं ज्यांचं होतं त्यांना याचा विशेष उपयोग होतो. रोज ५० मिलिग्रॅमची एक गोळी. मळमळ टाळायला पहिले काही दिवस अर्धी घेतात. पिणं पूर्ण थांबलेलं नसतानाही सुरू करता येतं. महिन्यातून एकदा घ्यायचं ३८० मिलिग्रॅमचं इंजेक्शनही आहे. मात्र ट्रॅमाडॉल, कोडीन, मॉर्फिनसारखी औषधं चालू असतील तर ती थांबवून ७ ते १० दिवस जायला हवेत, नाहीतर त्यांचा विथड्रॉवल, म्हणजे तुटण्याचा त्रास, झटक्यात सुरू होतो. उद्या अपघात किंवा शस्त्रक्रिया झाली तर वेदनाशामक म्हणून ही औषधं नेहमीसारखी लागू पडणार नाहीत, म्हणून ‘मी नाल्ट्रेक्सोन घेतो’ अशी चिठ्ठी पाकिटात ठेवा. यकृताची तीव्र सूज असेल किंवा यकृत निकामी होत असेल तर हे टाळतात.

अ‍ॅकॅम्प्रोसेट मजेला हात लावत नाही. दारू सुटल्यानंतर कित्येक आठवडे रेंगाळणारी बेचैनी, तुटलेली झोप आणि तलफ ते शमवतं. म्हणून पिणं थांबल्यावर सुरू करतात. एकदा सुरू केल्यावर मध्ये पाय घसरला तरी चालू ठेवतात. मात्रा ३३३ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, दिवसातून तीनदा. सहा गोळ्या रोज घेणं हीच याची खरी अडचण. दुपारच्या दोन हमखास राहतात, तेव्हा त्या कामाच्या ठिकाणी वेगळ्या डबीत ठेवा. सुरुवातीला जुलाब होतात, ते बहुधा आपोआप कमी होतात. याचा निचरा मूत्रपिंडातून होतो, यकृतातून नाही, त्यामुळे तुमच्या बाबतीत याचा विचार आधी होईल. पण त्यापूर्वी मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तातल्या क्रिएटिनिनची तपासणी करून घ्या. मूत्रपिंडाचं काम मध्यम कमी असेल तर मात्रा निम्मी करतात, फार कमी असेल तर औषध देतच नाहीत.

डायसल्फिरामची नेहमीची मात्रा रोज २५० मिलिग्रॅम. शेवटच्या घोटानंतर निदान १२ तास, शक्यतो पूर्ण दिवस गेल्यावर सुरू करतात. घरच्या कुणी रोज ठरलेल्या वेळी समोर दिली तर उपयोग होतो, स्वतःच्या भरवशावर सोडली तर गोळी गुपचूप बंद होते. अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध, माउथवॉश, दाढीनंतरचं लोशन, हात निर्जंतुक करायचं द्रव, सगळ्यांची लेबलं वाचावी लागतात. मेट्रोनिडाझोल हे जंतुसंसर्गावरचं औषध सोबत घ्यायचं नाही. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारूची प्रतिक्रिया येऊ शकते. हृदयविकार किंवा सायकोसिस (भास-भ्रमांचा मानसिक आजार) असेल तर हे औषध नको. क्वचित यातून यकृताची गंभीर सूज येते, म्हणून तुम्हाला आम्ही हे सुचवणार नाही. जे घेत आहेत त्यांनी डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी गोळी थांबवून डॉक्टरांना भेटावं.

सिरॉसिस (यकृत कायमचं कडक होणं) असलेल्यांसाठी काही डॉक्टर बॅक्लोफेन निवडतात. ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा सुरू करून प्रत्येक वेळी १० पर्यंत नेतात. त्याने गुंगी येते, आणि ते अचानक बंद केलं तर फिट येऊ शकते.

अपेक्षा किती ठेवावी? चाचण्यांचा एकत्रित हिशेब असा की साधारण डझनभर लोकांना अ‍ॅकॅम्प्रोसेट दिलं, तर औषधाविना पुन्हा प्यायला लागला असता असा एक जण वाचतो. नाल्ट्रेक्सोनने बेसुमार पिण्याकडे परत जाणं जवळपास त्याच प्रमाणात टळतं. आकडा लहान वाटेल, पण रक्तदाबासारख्या आजारांत रोज दिली जाणारी औषधंही याहून फार मोठा फरक करत नाहीत. तरीही ही औषधं फारच थोड्या रुग्णांपर्यंत पोचतात, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

मुलाला २८ दिवस व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. घरी आल्यावर नवव्या दिवशी प्यायला. सगळे पैसे पाण्यात गेले का? परत तिथेच ठेवू का?

पाण्यात गेले नाहीत, पण उपचार अर्ध्यावर सुटला. २८ दिवसांत शरीरातून दारू जाते, भूक येते, चेहरा उजळतो. मात्र तिथे संध्याकाळी सात वाजता जुना मित्र फोन करत नव्हता, पगार हातात येत नव्हता, भांडण होत नव्हतं. तलफ जागी करणाऱ्या गोष्टी घराजवळ होत्या, त्यांची गाठ नवव्या दिवशी पडली. दारू थांबवणं हे एक काम आणि थांबलेली टिकवणं हे दुसरं. दुसऱ्याला महिने लागतात, आणि त्याची आखणी केंद्रातून बाहेर पडण्याआधी व्हायला हवी.

परत दाखल करण्याआधी तीन गोष्टी विचारा. घरी येताना नाल्ट्रेक्सोन किंवा अ‍ॅकॅम्प्रोसेट दिलं होतं का? ही औषधं निदान सहा महिने चालवतात, उपयोग होत असेल तर पुढेही. पहिली फेरतपासणी कधीची होती? ती आठवड्याच्या आत हवी, पुढे पहिले तीन महिने वरचेवर. आणि प्यायला त्या दिवसाचा तपशील कुणी त्याच्यासोबत शांतपणे काढला का? किती वाजले होते, सोबत कोण होतं, जेवण झालं होतं का, खिशात किती पैसे होते, मनात काय चाललं होतं. समुपदेशक यालाच रीलॅप्स प्रिव्हेन्शन म्हणतात. ‘मन खंबीर ठेव’ असं सांगून काही हाती लागत नाही. ‘पगाराच्या दिवशी संध्याकाळी बहिणीकडे जायचं, पैसे आईच्या खात्यात वळते करायचे’ असं ठरवल्याने लागतं. तलफ लाटेसारखी येते, बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तेवढा वेळ कुठे आणि कुणासोबत काढायचा, हे आधी लिहून ठेवलेलं हवं.

एकदा पिणं म्हणजे सगळं संपलं, हा विचार त्या पहिल्या पेल्याहून जास्त नुकसान करतो. ‘आता मोडलंच आहे’ म्हणत माणूस आठवडाभर पितो. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना फोन, हा नियम घरात आधीच ठरवा, आणि तो फोन केल्याबद्दल कुणी रागावणार नाही हेही. महिनाभराच्या खंडानंतर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, जुनं प्रमाण आता विषासारखं चढू शकतं, हेही त्याला स्पष्ट सांगा. तो पुन्हा रोज पिऊ लागला असेल, सकाळी थरथर असेल, तर पुन्हा डिटॉक्स लागेल. एकदोनदाच झालं असेल तर बाहेरून उपचार पुरतील.

ज्या केंद्रात बांधून ठेवतात, मारतात किंवा घरच्यांना भेटूच देत नाहीत, तिथे पुन्हा पाठवू नका. तो उपचार नव्हे.

मी फक्त बिअर पितो, रोज रात्री तीन. दारूडा म्हणता येईल का?

तो शब्द बाजूला ठेवू, मोजू या. मिलिलिटर गुणिले टक्के, भागिले १००, गुणिले ०.७९ म्हणजे शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम. ८ टक्क्यांच्या ५०० मिलिलिटरच्या तीन बाटल्या म्हणजे जवळपास ९५ ग्रॅम. ४० टक्क्यांची व्हिस्की ३०० मिलिलिटर प्यायलात तरी तेवढंच होतं. ५ टक्क्यांची बिअर असेल तर तीनमध्ये ५९ ग्रॅम.

पुढची पायरी म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ प्रश्नावली : दहा प्रश्न, ४० गुण. ८ किंवा अधिक आले तर पिणं धोक्याचं, २० किंवा अधिक आले तर अवलंबन असण्याची शक्यता बरीच आणि तज्ज्ञांकडून तपासणी हवी. गेल्या वर्षभराचा विचार करून उत्तरं लिहा, चांगल्या आठवड्याचा नको.

दारू सोडून पाच आठवडे झाले. झोप येत नाही, सगळं उदास वाटतं. यापेक्षा प्यायचो तेव्हा बरं होतं असं वाटतं.

हे तुम्ही लिहून कळवलंत हे फार बरं केलंत, कारण याच टप्प्यावर अनेक जण कुणाला न सांगता परत पितात.

दारूने झोप लवकर लागायची, पण ती उथळ आणि तुटक असायची. मेंदूला स्वतःची झोप परत बसवायला काही महिने लागू शकतात. त्यासाठी अल्प्राझोलाम, झोल्पिडेमसारख्या गोळ्या मागू नका. त्यांचीही सवय लागते आणि दारूसोबत त्या घातक ठरतात. उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, रात्र कशीही गेली तरी. दुपारनंतर चहा-कॉफी बंद. झोप आली नाही तर वीस मिनिटांनी अंथरुणातून उठा. निद्रानाशासाठीची वर्तन-उपचार पद्धती अशा काळात चांगली लागू पडते, समुपदेशकांना तिच्याबद्दल विचारा.

उदासीचं वेगळं. दारूमुळे आलेली उदासी बहुधा दोन ते चार आठवड्यांत निवळू लागते. तुमचे पाच आठवडे झाले, म्हणजे आता ‘जाईल आपोआप’ म्हणत थांबायचं नाही. मानसोपचारतज्ज्ञांना याच आठवड्यात भेटा. नैराश्याचा स्वतंत्र आजार असू शकतो आणि त्यावर दारूच्या उपचारासोबतच औषध देता येतं. जगणं नको असा विचार मनात येत असेल तर आठवड्याचीही वाट पाहू नका. आजच जवळच्या माणसाला सांगा आणि त्याला सोबत घेऊन रुग्णालयात जा.

बाबा म्हणतात, ‘मला काही झालेलं नाही.’ ते तयार होईपर्यंत आम्ही काय करायचं? आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमसला पाठवलं तर देवावर विश्वास लागतो का?

दुसरा प्रश्न आधी. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेला हा स्वमदत गट आहे. त्याच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो, पण ‘आपल्याला समजेल तसा’ अशी मोकळीक आहे, आणि सभासद व्हायला दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. फी नाही. एका सभेवरून मत बनवू नये, गटागटात फरक असतो. गोळी आणि गट सोबत चालतात. कुणी गटात औषध बंद करायला सांगितलं तर ऐकू नका. तुमच्यासाठी, म्हणजे घरच्यांसाठी, अल-अनॉन हे वेगळे गट आहेत. बाबा तयार नसले तरी तुम्ही तिथे आजपासून जाऊ शकता.

बाबांशी बोलायचं ते ते प्यायलेले नसताना, एकाच माणसाने, आणि पाहिलेल्या एका गोष्टीबद्दल. ‘तुम्ही घर बुडवलंत’ म्हटलं की ते बचावाला उभे राहतात. ‘मंगळवारी रात्री तुम्ही जिन्यात पडलात, मला भीती वाटली’ याला उत्तर देता येत नाही. दारूमुळे त्यांना काय मिळतं हेही विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. त्यांच्या कामावर ‘बरं नाही’ म्हणून खोटा फोन करणं, त्यांची उधारी फेडणं हळूहळू थांबवा. मात्र न प्यायलेल्या संध्याकाळी त्यांच्यासोबत बसा, बोला, जेवा. माघार फक्त पिणाऱ्या वेळेपासून घ्यायची.

‘दारूसाठी डॉक्टर’ नको असेल तर झोप, पोट किंवा रक्तदाब यासाठी चला म्हणा. ही बतावणी होत नाही, दारूने हे तिन्ही बिघडतं. रक्तात जीजीटी (दारूने वाढणारं यकृताचं एक विकर) वाढलेलं निघालं, तर तो आकडा वाद न घालता खूप काही सांगतो. पिणं थांबवल्यावर काही आठवड्यांत तोच आकडा खाली येताना त्यांना स्वतःला दिसतो.

आणि डॉक्टरांची वेळ, त्यांची रोजच्या औषधांची यादी, मागच्या आजारांचे कागद हे सगळं आधीपासून तयार ठेवा. बाबा कधी होकार देतील ते सांगता येत नाही. बरेचदा तो एखाद्या वाईट रात्रीनंतरच्या सकाळी येतो आणि संध्याकाळपर्यंत मावळतो. त्याच सकाळी निघता आलं पाहिजे.